पुढे न येणारा आवाज

"ही नको," हे म्हणाले. "ही ऐकू येते."

आणि गिटार परत दुकानदाराच्या हातात दिली.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. म्हणजे, काकू, आता तुम्हीच काय ते सांगा. मी काय सांगणार, कपाळ! तेहतीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, पण गिटारच्या दुकानात पाऊल टाकायची माझी पहिलीच वेळ. चारी भिंतींवर गिटारी टांगलेल्या. लाल, काळ्या, निळ्या, एक तर चक्क पोपटी. मधे तीन-चार स्टुलं आणि प्रत्येकाशेजारी एक पेटीएवढा स्पीकर. त्याला ही मंडळी अँप म्हणतात.

"काका, ऐकू यावी म्हणूनच तर लोक गिटार घेतात," दुकानदार म्हणाला.

"घेत असतील."

झालं. एवढं बोलून गप्प. आमच्या ह्यांच्याशी भांडायचं म्हटलं तरी दोन्ही बाजूंची वाक्यं मलाच बोलावी लागतात.

हे एका हॉटेलातल्या बँडमध्ये तीस वर्षं गिटार वाजवत होते. संध्याकाळी लोक जेवायचे आणि बँड वाजायचा. पुढे गाणाऱ्या बाई. त्यांच्या बाजूला ट्रम्पेट घेऊन कॅप्टन. बँड त्यांचा, म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. मागे ड्रमवाला. आणि ड्रमच्याही मागे, खांबाला टेकून, आमचे हे. ताल कधी चुकला नाही म्हणून बँडमध्ये ह्यांचं नाव पडलं 'घड्याळ'. घरी फोन आला तरी पलीकडून विचारायचे, "वहिनी, घड्याळ आहे का घरात?" मी म्हणायची, "आहे, पण बोलत नाही."

नोकरी लागली त्या वर्षी मी हौसेने ऐकायला गेले होते. चांगली साडी नेसून, कोपऱ्यातल्या टेबलावर ताठ बसून. बाईंचं गाणं ऐकलं, ट्रम्पेट ऐकला, ड्रमने तर कान बसायची वेळ आली. घरी येताना विचारलं, "छान झालं हो सगळं. पण त्यात तुमचं कुठलं होतं?"

हे हसले. "ऐकू आलं नाही ना? मग बरोबर वाजलं."

मला वाटलं थट्टा करतायत. पुढे पाच-सहा वेळा गेले तेव्हा कळलं, की थट्टा नव्हती. दर वेळी मी कान टवकारून बसायची, ह्यांचा हात हलताना दिसायचा, आवाज काही केल्या सापडायचा नाही. एकदा ह्यांना ताप भरला म्हणून गेले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी कॅप्टन स्वतः घरी आले. म्हणाले, "वहिनी, काल घड्याळ नव्हतं. बाई दोनदा घसरल्या, मी तीनदा. लोकांनी जेवण लवकर आटपलं." म्हणजे हे नसले की कळायचं, आणि असले की नाही. असल्या माणसाची बायको होणं काय असतं ते मला विचारा.

घरी वाजवायचं म्हणावं, तर गिटार ह्यांची नव्हतीच. ती कॅप्टनची. हॉटेलच्या कपाटात राहायची, कुलपात. घरी सराव करायचे तो माझ्या मनगटावर. मी शिवण बाजूला ठेवून टेकले की माझा हात ओढून घ्यायचे आणि चार बोटं दाबायचे, उचलायचे, पुन्हा दाबायचे. "कुठलं गाणं?" मी विचारायची. "नवीन आहे," एवढंच. बोटांची टोकं अशी टणक, की मनगटावर लाल ठिपके उठायचे. म्हणून तेहतीस वर्षांत मला एकच हवं होतं. सोनंनाणं नको, गावंबिवं बघायला नकोत. हा माणूस वाजवतो म्हणजे नेमकं काय वाजवतो, ते एकदा, फक्त एकदा, मला धड ऐकायचं होतं.

मागच्या वर्षी कॅप्टन गेले. हॉटेलवाल्यांनी छताला स्पीकर लावले आणि बँड बंद केला. गाणाऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्या. कॅप्टनचा मुलगा आला, गिटार पेटीत घातली, "बाबांची आठवण आहे," म्हणाला, आणि पंधरा दिवसांत विकून मोकळा झाला. त्या गिटारीच्या मानेवरचा रंग ह्यांच्या अंगठ्याने घासून गेला होता. आठवण कोणाची आणि नेली कोणी! पेटीची कडी नीट लागत नव्हती, ती उलट ह्यांनीच त्याला दाबून दिली.

तेव्हापासून आठ महिने खिडकीजवळची खुर्ची आणि हे. चहा दिला की प्यायचे, जेवायला हाक मारली की यायचे. मग एक दिवस हात धुऊन पुसता पुसता मधेच थांबले. डाव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळत म्हणाले, "गेले बघ."

"काय गेलं?"

"घट्टे."

मी बोटं हातात घेऊन बघितली. मऊ पडली होती, एखाद्या कारकुनासारखी. मला भडभडून आलं. मी आत गेले, पदराने तोंड पुसलं, आणि बाहेर येऊन म्हटलं, "शनिवारी गिटार घ्यायला जायचं. तुमची, स्वतःची. नाही म्हणालात तर मी एकटी जाईन आणि एखादी पोपटी घेऊन येईन." पोपटी रंगाची गिटार असते हे मला तेव्हा माहीतही नव्हतं, बरं का. तोंडात आलं ते बोलले.

तर असे आम्ही शनिवारी सकाळी त्या दुकानात.

दुकानदार माणूस भला होता. चाळिशीचा, केस मागे बांधलेले, चष्मा कपाळावर. सुरुवातीलाच म्हणाला, "काका, आधी वायर न लावता वाजवा. रंग, किंमत, नाव सगळं नंतर. आधी मला तुमचा हात ऐकू दे."

हे मला पटलं. मी कपडे आल्टर करते, अठ्ठावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की मी टेप नंतर काढते, आधी त्याला चार पावलं चालायला लावते. माणूस उभा असतो तेव्हा वेगळा असतो आणि चालतो तेव्हा वेगळा. कपडा चालणाऱ्याला बसायला हवा.

ह्यांनी भिंतीवरची एक साधी गिटार घेऊन थोडी वाजवली. मी पुढे वाकून ऐकायला लागले, तेवढ्यात थांबलेसुद्धा.

"हलका हात आहे," दुकानदार म्हणाला. "तुम्ही तार छेडत नाही काका, पुसता."

त्याने पहिली दिली ती पातळ अंगाची, लख्ख आवाजाची. ग्लासावर चमचा वाजवावा तशी. तीच ती, ऐकू येते म्हणून परत केलेली. दुसरी दिली ती चांगली जड, भरदार. एक तार छेडली की आवाज संपता संपेना. ह्यांनी तारांवर तळवा ठेवून तिला गप्प केलं.

"ही थांबतच नाही. माझं सांगून झालं तरी बोलत राहते."

"अहो, असू दे की एक तरी बोलणारं घरात," मी म्हटलं. दुकानदार हसला. हे नाही हसले.

"काका, एक सांगा," दुकानदाराने विचारलं, "तुम्हाला एकट्याने वाजवायचंय की बँडमध्ये?"

"एकट्याने," मी म्हटलं.

"बँडमध्ये," हे म्हणाले.

दोघांचं एकदमच झालं. दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला, उगाच एक फडकं शोधलं आणि तिसरी गिटार पुसायला लागला. ती तपकिरी, जुन्या कपाटाच्या रंगाची, आतून अर्धी पोकळ होती. "हिचा आवाज गोल आहे," म्हणाला. "फार कोणी मागत नाही. बसा, निवांत बघा."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर. चौकातल्या दवाखान्याचेच, माझी दाढ त्यांनीच काढली होती, पण तोंड मिटलेलं असल्याने त्यांनी मला ओळखलं नसावं. गेले तीन शनिवार येत होते म्हणे. कुठलीच गिटार त्यांना पसंत पडत नव्हती. "माझा जो आवाज आहे ना, तो हिच्यातून येत नाही," असं दर वेळी म्हणायचे. आज एक लालभडक गिटार घेऊन पलीकडच्या स्टुलावर बसले, आवाज मोठा केला आणि सुरू झाले.

मला त्यातलं कळत नाही, पण धावणाऱ्या माणसाची चप्पल पुन्हा पुन्हा सुटावी तसं चाललं होतं. दोन पावलं जोरात, मग अडखळ, मग पुन्हा जोरात. दुकानदार भिंतीकडे तोंड करून उभा होता.

आणि मग काहीतरी बदललं.

डॉक्टर तेच होते, गिटार तीच होती, पण चप्पल सुटायची थांबली. पावलं नीट पडायला लागली. सूर वर जायचा, टिकायचा, मग हळूच खाली यायचा. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. दुकानातली दोन माणसं होती तिथे थबकली. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. मनात आलं, जमलं की हो यांना!

मग मी ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांची पाठ डॉक्टरांकडे होती. स्टूल सरकवून हे खांबाजवळ गेले होते, दुकानाच्या खांबाजवळ. तपकिरी गिटार मांडीवर, वायर लावलेली, आवाजाचं बटण अगदी खाली. उजवा हात हलत होता. मान एवढीशी डोलत होती. आणि चेहऱ्यावर काय होतं म्हणून सांगू! आठ महिन्यांत मी तो चेहरा बघितला नव्हता. मी कान देऊन, अगदी श्वास धरून ऐकलं. ऐकू येत होती ती डॉक्टरांची लाल गिटार. फक्त लाल गिटार.

दहा मिनिटांनी डॉक्टर थांबले. घामाघूम झालेले, पण चेहरा नुसता फुललेला.

"सापडली!" ते ओरडलेच. "हीच! बघितलंत कशी वाजली? म्हणत नव्हतो मी, दोष माझ्यात नाही? शेवटी गिटार चांगली लागते हो. पॅक करा."

"डॉक्टर, हे काका मागे—" दुकानदार सांगायला लागला. ह्यांनी मान हलवून त्याला गप्प केलं. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून, "चालू दे, चालू दे, हळूहळू जमेल," असं हसून म्हटलं आणि लाल गिटार पाठीला लावून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हळूहळू जमेल? ह्यांना? अहो, तुम्ही बोलला का नाहीत? त्या माणसाला घरी जाऊन कळेल, की ती गिटार पुन्हा तशीच अडखळतेय!"

"कळेल," हे म्हणाले. "पण आज छान वाजवलं गं त्यांनी."

दुकानदार स्टूल ओढून ह्यांच्या समोर बसला. "काका, त्यांना मी दोन वर्षं ओळखतो. आज पहिल्यांदा तालात वाजले. तुम्ही काय केलंत ते मी ऐकलं." त्याला ऐकू आलं होतं. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. "आता तेच एकट्याने वाजवा. मी हिचा आवाज वाढवतो. काकूंना ऐकू दे."

त्याने बटण फिरवलं. हे माझ्याकडे बघून थोडे लाजले, पण बसले सरळ. मी पर्स मांडीवर घट्ट धरली. तेहतीस वर्षं, आणि आता एका स्टुलावर बसून मला ते ऐकायला मिळणार होतं.

ह्यांनी सुरुवात केली. ऐकू आलं! मऊ, गोल, अगदी मोजून टाकलेलं. एक घास, मग जरा उसंत, मग पुढचा. चार वेळा हात फिरला असेल, आणि हे थांबले. हात तारांवर तसाच. वाट बघत असल्यासारखे.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथे बाई गातात."

"बरं, मग पुढचं वाजवा."

पुन्हा सुरुवात. पुन्हा तीन-चार घास, पुन्हा थांबले. "इथे कॅप्टन येतात."

माझा तोल गेला. चारचौघांत मी असं बोलायला नको होतं, पण बोलले. "कोण येतात? कोणी येत नाही आता! कॅप्टन गेले, बाई लेकीकडे गेल्या, आणि तिथे छताला स्पीकर आहेत! इथे फक्त मी आहे. मी बसलेय समोर. माझ्यासाठी वाजवा ना काहीतरी!"

ह्यांनी गिटारीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्यावर कधी रागावले नाहीत, तेव्हाही नाही. अगदी खऱ्या मनाने, चूक कबूल करावी तसं म्हणाले, "मला येतच नाही गं. मधलं मला येतच नाही. मी कधी वाजवलंच नाही ते."

दुकानदार उठून आत गेला, पाणी आणतो म्हणून. बराच वेळ आला नाही.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे त्यांच्या मापाला आणले. आत घ्यायचं, सोडायचं, उंची कमी करायची. पण जो कपडा मुळात अस्तर म्हणून बेतलाय, त्याला उलटं करून कोट म्हणून घाला असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. ह्यांना मात्र मी तेच सांगत होते. तेव्हा हे सुचलं नाही, नंतर सुचलं. तेव्हा नुसतं रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी त्या पोपटी गिटारीकडे बघत बसले होते.

शेवटी ह्यांनीच निवडली, तपकिरी. "ही चांगली आहे," म्हणाले. "ही मागे राहते."

घरी आली आणि कोपऱ्यात उभी राहिली. तिच्याबरोबर घेतलेल्या छोट्या अँपवर मी एक कापड घातलं, धूळ बसू नये म्हणून. दोन आठवडे हे रोज तिच्या तारा पुसायचे, सूर लावायचे आणि जाऊन खुर्चीत बसायचे. माझं बोलायचं ते दुकानातच बोलून झालं होतं.

मग परवाची दुपार. एका शाळेच्या हॉलचे पडदे आले होते कडा मारायला. अठरा पडदे, सरळ लांब शिलाई, डोक्याला काम नाही. माझं पायमशीन भिंतीकडे तोंड करून असतं आणि त्यावर एक छोटा आरसा आहे, कुंकू बघायला लावलेला. मी एका लयीत पाय मारत होते. चौथा पडदा निम्मा झाला असेल, सहज वर बघितलं तर आरशात ह्यांचा हात हलताना दिसला.

गिटार मांडीवर होती. अँपवरचं कापड खाली होतं आणि छोटा लाल दिवा लागला होता. मान एवढीशी डोलत होती. चेहरा तोच, दुकानातला.

मी पाय थांबवला, ऐकू यावं म्हणून.

हेही थांबले.

हात तारांवर तसाच. वाट बघत.

मी पुन्हा पाय मारायला लागले. खडखड, खडखड. आरशात हात पुन्हा सुरू झाला. मी मुद्दाम जरा हळू मारला, हातही हळू झाला. जरा जोरात मारला, तर अगदी बरोबरीने आला. अठ्ठावीस वर्षं या मशीनवर बसतेय, पण त्या दिवशी माझी शिलाई जशी पडली तशी कधी पडली नव्हती. टाका न् टाका सारखा. पाय दुखेना, पाठ दुखेना. आणि खडखडीच्या पलीकडे मात्र एक अक्षर ऐकू येईना.

एकदा वाटलं, पुन्हा थांबवावं. अचानक, झटकन. शेवटचा एखादा सूर तरी हवेत सापडेल. पाय उचललासुद्धा होता. आरशात त्यांची बोटं दिसली. टोकं लाल झाली होती, एकावर फोड आला होता. पाय परत ठेवला.

पाच पडदे झाले, सहा झाले. रीळ संपलं. दोरा सुटून सुई मोकळी झाली ते मला कळलं, पण रीळ बदलायचं म्हणजे थांबायचं. मी पडदा तसाच पुढे सरकवत राहिले. कापडावर नुसती भोकं पडत होती, सरळ रेषेत, एकसारखी. मागे हे वाजवत होते. मी पाय मारत राहिले.